टीव्ही घेताना: खोक्यावरचा आकडा आणि आपले डोळे

सणासुदीचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. एरवी लोणच्याला बुरशी का धरते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, असं विचारणाऱ्या मैत्रिणी फ्रीजबद्दल, मिक्सरबद्दल लिहू लागतात. यंदा टीव्हीबद्दलची पत्रं जास्त आहेत आणि बऱ्याच जणींची अडचण एकच आहे. दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी. आकार सारखा, चित्रही डोळ्यांना सारखंच. पण एक आठ-नऊ हजारांनी महाग. का म्हणून विचारावं, तर विक्रेता खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, "ह्याचा रिस्पॉन्स टाइम कमी आहे, मॅडम. एकदम फास्ट!" पुढे आणखी काही विचारायला जावं, तर घरचेच म्हणतात, "तुला त्यातलं काय कळतंय? तो सांगतोय ना."

नऊ हजार म्हणजे कुणाचे भिशीचे नऊ हप्ते असतात, तर कुणाच्या मुलाच्या क्लासची फी. तेव्हा आज जरा सविस्तर बोलू या. यात न कळण्यासारखं काही नाही. साबुदाणा भिजला की नाही हे जिला बोटानं दाबून कळतं, तिला हेही कळेल.

पडद्याआड काय असतं?

आधी नावांचा गोंधळ मिटवू. दुकानात ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतात, तो खरं तर एलसीडी टीव्हीच असतो. एलसीडी हे पडद्याचं नाव आणि एलईडी हे त्या पडद्यामागे उजेड देणाऱ्या बारीक दिव्यांचं. पूर्वीच्या एलसीडीत या दिव्यांच्या जागी ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्या असत, एवढाच फरक. 'क्यूएलईडी' नावानं मिळणारे संचही याच घराण्यातले. 'ओएलईडी' मात्र वेगळा. त्यात मागे दिवा नसतो, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. तो महागही असतो.

आता एलसीडी चालतो कसा ते पाहा. मागे दिवे पेटलेले आणि त्यांच्यापुढे लाखो चिमुकल्या झडपा. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाखांहून जास्त. फोर-के पडद्यावर ८२ लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन झडपा. झडप उघडली की उजेड, मिटली की काळोख, अर्धवट उघडली की मधली छटा.

ही झडप असते द्रव-स्फटिकाची. धड द्रव नाही आणि धड घनही नाही, असा हा पदार्थ. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या तो ध्यानात आला, आणि तोही गाजरांमुळे! गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग ते तापवून पाहत होते. ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं, पण गढूळच राहिलं, आणि पुढे १७८.५ अंशांना एकदम नितळ झालं. मधली ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक. आज दिवाणखान्यात आपण ज्याच्यासमोर बसतो, त्याची सुरुवात अशी गाजरापासून आहे.

या पदार्थावर विजेचा दाब कमी-जास्त केला की त्याचे कण वळतात आणि उजेडाला वाट मिळते किंवा ती अडते. पण वळायला थोडा वेळ लागतोच. तो वेळ म्हणजेच रिस्पॉन्स टाइम. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. पातळ वरण पळीतून झरकन ओघळतं आणि आटवलेली बासुंदी सावकाश, तसंच इथे. पदार्थ जितका दाट, तितका वळायला सुस्त. गारठ्यात खोबरेल थिजतं ना, तसा थंडीच्या पहाटे हा पडदाही किंचित मंदावतो आणि संच जरा तापला की ताळ्यावर येतो.

झडप सुस्त असली तर काय होतं? चेंडू पुढे जातो, पण मागच्या ठिपक्यांच्या झडपा अजून मिटायच्याच असतात. मग चेंडूमागे फिकट शेपूट दिसतं. रांगोळीच्या रेघेवरून पदर गेला की ती जशी फिसकटते, अगदी तसं.

आकड्यातली मखलाशी

खोक्यावर ८ मिलिसेकंद लिहिलेलं असतं, कुठे ५ असतं, कुठे १ सुद्धा. हा आकडा खोटाच असतो असं नाही. पण तो कसा मोजला, हे खोक्यावर बहुधा नसतं. मेख तिथे आहे.

पहिली गोष्ट. करड्याच्या एका छटेपासून दुसऱ्या छटेपर्यंत झडप किती वेळात वळली, हे मोजतात. त्यातही सुरुवातीचा दहा टक्के आणि शेवटचा दहा टक्के प्रवास सोडून मधलाच मोजण्याची रीत आहे. कुकर गॅसवर चढवल्यापासून वेळ न धरता, वाफ कोंडल्यापासून पहिल्या शिट्टीपर्यंतचाच धरावा आणि "आमच्या कुकरमध्ये भात इतक्या मिनिटांत होतो" म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. शिवाय छटांच्या जोड्या कितीतरी. ज्या जोडीत पडदा सर्वांत चपळ, तिचाच आकडा सहसा खोक्यावर चढतो. काळ्यापासून गडद करड्यापर्यंत जायला त्याच पडद्याला कित्येक पट वेळ लागू शकतो. आणि रात्रीचे प्रसंग तर सगळे त्याच छटांत असतात!

दुसरी गोष्ट. झडप लवकर वळावी म्हणून तिला विजेचा जरा जादा रेटा देतात. बेताचा रेटा चांगलाच. पण आकडा कमी दिसावा म्हणून तो जास्त दिला, तर झडप हवी त्या छटेच्या पलीकडे जाते आणि मग मागे येते. अशा वेळी हलणाऱ्या वस्तूमागे काळपट शेपटाऐवजी उजळ कड दिसू लागते. एक खोड घालवायला दुसरी लावून घेतल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट. १ मिलिसेकंदाचा आकडा काही वेळा झडपेचा नसतोच. मागचा दिवा क्षणोक्षणी लावून आणि विझवून डोळ्यांना कमी धूसर दिसेल अशी सोय केलेली असते आणि आकडा त्या दिसण्याचा असतो. सोय वाईट नाही, पण ती चालू केली की चित्र अंधुक होतं, आणि काहींना त्या लुकलुकीनं डोकं दुखतं.

तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांच्या खोक्यांवरचे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकीनं शेरानं मापलेलं असतं आणि दुसरीनं वाटीनं.

आकडा शून्य असला तरी

आता समजा, झडप अगदी निमिषात वळली, रिस्पॉन्स टाइम शून्य झाला. तरी धूसरपणा पुरता जात नाही! याचं कारण नीट समजून घ्या, कारण विक्रेता हे सांगत नाही.

ज्यांच्या घरी पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही होता, त्यांना आठवेल. चित्र लहान होतं, पण चेंडू कसा लख्ख जाताना दिसायचा. त्या संचात काचेच्या आतल्या लेपावर विजेच्या कणांचा झोत पडे. ठिपका क्षणभर चमके आणि लगेच मावळे. एलसीडीत मात्र एक चित्र, पुढचं येईपर्यंत, ठाण मांडून बसतं. आपल्याकडच्या टीव्ही प्रक्षेपणात चित्र सेकंदाला ५० वेळा ताजं होतं. म्हणजे प्रत्येक चित्र २० मिलिसेकंद जागच्या जागी उभं. आपला डोळा मात्र चेंडूबरोबर सरकत असतो, तो थांबत नाही. चित्र उभं आणि डोळा चालता, म्हणून ते डोळ्यांत पुसट उमटतं.

हिशेबच करून पाहू. बातम्यांखालून धावणारी अक्षरांची पट्टी घ्या. फुल एचडी पडद्याची १९२० ठिपक्यांची रुंदी ती चार सेकंदांत ओलांडत असेल, तर सेकंदाला ४८० ठिपके झाले. सेकंदात ५० चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वेळात डोळा साधारण साडेनऊ ठिपके पुढे सरकला. अक्षराची कड तेवढी पसरणार. हे पसरणं महागड्या ओएलईडीतही राहतं, आणि त्याचा ठिपका तर मिलिसेकंदाच्या अगदी लहान अंशात बदलतो.

आता खोक्यावरचे ५ आणि ८ पुन्हा पाहा. दोन्ही झडपा २० मिलिसेकंदांच्या आतच वळून मोकळ्या होतात. बाकी सगळं सारखं असेल, तर त्या तीन मिलिसेकंदांनी घरात बसून मालिका, बातम्या, सामने पाहताना डोळ्यांना फारसं काही वेगळं मिळत नाही.

मग फरक पडतो कशानं?

फरक पडतो तो पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो यानं. त्याला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये सांगतात. साधे संच ५०-६० हर्ट्झचे, वरच्या किमतीचे १००-१२० हर्ट्झचे. १०० वेळा चित्र बदललं, तर प्रत्येक चित्र २० ऐवजी १० मिलिसेकंदच उभं राहतं आणि पसरणं निम्म्यावर येतं. इथे मात्र सावध राहा. 'मोशन रेट' किंवा तशाच नावापुढे छापलेला मोठा आकडा म्हणजे पडद्याचा खरा रिफ्रेश रेट नव्हे. "पॅनेल स्वतः किती हर्ट्झचं आहे?" असं सरळ विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

आता प्रक्षेपणात ५० चित्रं असताना बाकीची येतात कुठून? संच ती स्वतः तयार करून मध्ये घालतो. सोनीच्या संचांत या सोयीला 'मोशनफ्लो' म्हणतात, एलजीच्या संचांत 'ट्रूमोशन'. सामन्यांना ती बरी. पण सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. त्यात अशी भर घातली की तो घरगुती व्हिडिओसारखा गुळगुळीत, खोटा वाटू लागतो. अभिनेता टॉम क्रूझ यांनी तर डिसेंबर २०१८ मध्ये एक चित्रफीत काढून, सिनेमा पाहताना ही सोय बंद ठेवा, अशी प्रेक्षकांना विनंती केली होती. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. तो निवडला की अशा सगळ्या भरी आपोआप बंद होतात. नव्या टीव्हीवर जुना आवडता सिनेमा 'काहीतरी वेगळाच' वाटला, तर चित्राच्या सेटिंगमध्ये ही सोय शोधून बंद करून पाहा.

दोष कुणाचा, हे ओळखा

प्रत्येक धूसर चित्राचं खापर रिस्पॉन्स टाइमवर फोडू नका. दुखणं ओळखलं तरच औषध.

१. अंधाऱ्या प्रसंगात काळे केस, काळी शाल हलली की मागे काळपट ओघळ राहतो. हा खरा रिस्पॉन्स टाइमचा दोष. काळा रंग गडद दाखवणाऱ्या 'व्हीए' जातीच्या पडद्यांत तो अधिक आढळतो. 'आयपीएस' जातीत कमी असतो, पण तिथे काळा रंग जरा राखाडी दिसतो.

२. उजळ चित्रातही धावणारी अक्षरं सगळीकडून सारखीच पुसट. हा चित्र ठाण मांडून बसण्याचा परिणाम. त्याला रिफ्रेश रेट लागतो.

३. हलणाऱ्या वस्तूभोवती उजळ कड. झडपेला दिलेला रेटा जास्त झाला आहे.

४. चेंडू सीमेकडे धावताना गवताचे चौकोन चौकोन होतात. यात पडद्याचा काही दोष नाही. केबलवरून किंवा इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून बारीक केलेलं असतं, त्याचा हा परिणाम. टीव्ही बदलून तो जाणार नाही.

५. मुलं म्हणतात, "गेममध्ये बटण उशिरा लागतं." हा रिस्पॉन्स टाइम नव्हे, याचं नाव 'इनपुट लॅग'. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा हा वेळ. सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा, पैसे पडत नाहीत.

आणखी एक सोपी युक्ती. इंटरनेटवरचं दृश्य धूसर वाटलं, तर तिथेच थांबवा. थांबलेलं चित्रही धूसर असेल, तर तो धूसरपणा कॅमेऱ्यातूनच आलेला आहे, तुमच्या टीव्हीचा नाही.

दुकानात काय करायचं?

दुकानात चालू असतं ते काय? संथ उमलणारी फुलं, हळूच ओघळणारा मध, आकाशातून टिपलेले डोंगर. सगळं सावकाश! तिथे कुठलाही पडदा चांगलाच दिसणार. म्हणून या पाच गोष्टी करा.

१. रिमोट हातात मागून घ्या. चित्र 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर असेल, तर दोन्ही संच 'स्टँडर्ड'वर आणा. भडकपणा उतरला की खरा चेहरा दिसतो.

२. दोन्हींवर एकच बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि घरी बसता तेवढ्या अंतरावरून खालची पट्टी वाचा. ही अक्षरं मुळात रेखीव असतात, त्यामुळे पुसट दिसली तर दोष संचाचा. चष्मा विसरू नका. घरात वयस्कर सासूबाई असतील आणि त्यांना नेणं जमत असेल, तर त्यांनाही वाचायला सांगा. पट्टी वाचण्याची हौस बहुधा त्यांनाच असते.

३. क्रिकेट किंवा कबड्डीचा सामना लावा. कॅमेरा वळताना मैदानाकडे आणि खेळाडूंच्या पाठीवरच्या नंबरांकडे बघा.

४. एखाद्या मालिकेतला किंवा सिनेमातला रात्रीचा प्रसंग लावा आणि हलणाऱ्या काळ्या केसांमागे ओघळ राहतो का ते पाहा. ही परीक्षा सर्वांत कडक.

५. हे सगळं करताना पाटीवरच्या किमतीकडे बघू नका. महाग म्हटलं की डोळ्यांना चांगलंच दिसतं.

विक्रेता कंटाळेल, एखादा वैतागेलही. वैतागू द्या. चार भेंड्या मोडून पाहिल्याशिवाय आपण पाव किलो भाजी घेत नाही, आणि इथे तर आठ-दहा वर्षं रोज बघायची वस्तू घ्यायची आहे.

पैसे कुणी मोजावेत?

घरात मुलगा वेगवान गेम खेळतो, किंवा सामन्यांशिवाय टीव्ही लागतच नाही, आणि महाग संच खरोखर १२० हर्ट्झचा आहे, तर जास्तीचे पैसे सार्थकी लागतील. अंधाऱ्या प्रसंगातला ओघळ स्वस्त संचात तुमच्या डोळ्यांना खुपला, तरीही मोजा. पण दोन्ही संच ६० हर्ट्झचे, फरक फक्त ५ आणि ८ चा, आणि पाचही परीक्षांत तुम्हाला दोन्ही सारखेच दिसले, तर ते सारखेच आहेत. पाहणार तुम्ही आहात. "मला फरक दिसत नाही" हे न कळण्याचं लक्षण नाही. तेच या बाबतीतलं खरं मोजमाप आहे, आणि ते घरच्यांसमोर बिनधास्त सांगा. वाटलं तर त्यांनाही पट्टी वाचायला उभं करा.

वाचलेल्या पैशांतून थोडे आवाजासाठी ठेवावेत, असं मात्र सुचवीन. संच जितका सपाट, तितका स्पीकरला जागा कमी, त्यामुळे आवाजही पातळ. एक बेताचा साउंडबार घेतला, तर संवाद स्पष्ट ऐकू येतात आणि स्वयंपाकघरातूनही मालिका हुकत नाही.

घेतलेला संच घरी आला की पहिल्याच आठवड्यात वरच्या परीक्षा पुन्हा करा. दुकानातल्या झगझगाटात जे दिसलं नाही ते घरच्या उजेडात दिसतं, आणि बदलून देण्याची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते. पावती आणि वॉरंटी कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पावतीची शाई वर्षभरात उडते. आणि खोकं लगेच रद्दीत घालू नका. परत करायची वेळ आली, तर बरेच दुकानदार आधी खोकंच मागतात.

पुढील अंकी: मिक्सरच्या भांड्यातून पाणी का गळतं, आणि ते घरच्या घरी कसं थांबवावं.